चालणाऱ्याच्या तासाला भाव कोण देणार?

पुण्यातल्या वेताळ टेकडीचा वाद मी गेली काही वर्षं कॅलिफोर्नियात बसून वाचते आहे. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता काढायचा आणि जोडीला टेकडीच्या पोटातून बोगदे न्यायचे, असा महापालिकेचा प्रस्ताव आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी त्यामुळे फुटेल, असं समर्थक म्हणतात. टेकडी म्हणजे शहराचं फुप्फुस, भूजलाचा साठा आणि मोरांचं घर, असं विरोधक सांगतात. एप्रिल 2023 मध्ये टेकडी वाचवण्यासाठी पुणेकरांनी मोठा मोर्चा काढला. तेव्हापासून बैठका, निवेदनं, आश्वासनं चालूच आहेत.

दोन्ही बाजूंचं सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट टोचत राहते. रस्त्याच्या बाजूने बोलणारे मिनिटांत बोलतात: इतकी मिनिटं वाचतील, इतकं पेट्रोल वाचेल. टेकडीच्या बाजूने बोलणारे श्वासात, झाडांत आणि आठवणींत बोलतात. सभेत दुसऱ्या बाजूला टाळ्या मिळतात, पण फाइलीत पहिलीच बाजू टिकते, कारण मिनिटांचे रुपये होतात.

हे रुपये कसे होतात ते मी जवळून पाहते. इथल्या एका शहराच्या बांधकाम खात्यात प्रकल्पांचे लाभ-खर्चाचे तक्ते तपासणं हे माझं रोजचं काम आहे. रस्त्याच्या तक्त्यात सगळ्यात मोठा लाभ बहुधा वाचलेल्या वेळेचा असतो. गाडीत बसलेल्या माणसाच्या एका तासाला काहीएक दर लावायचा, रोजच्या गाड्यांनी आणि वाचलेल्या मिनिटांनी गुणायचं, आणि ती रक्कम पुढच्या वीस-तीस वर्षांवर पसरायची. भारतातही हेच चालतं. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ‘एसपी 30’ या मार्गदर्शिकेत प्रवाशांच्या वेळेचं मोल कसं धरायचं ते दिलेलं आहे. बसमधल्या माणसाचा तास त्यात मोटारीतल्या माणसाच्या तासापेक्षा स्वस्त धरला जातो. आणि पायी टेकडी चढणाऱ्याचा तास? त्याला रकानाच नाही.

माझी मावशी एरंडवण्यात राहते. सत्तरी ओलांडली आहे. पहाटे साडेपाचला ती लॉ कॉलेजच्या बाजूने टेकडीवर चढते. उन्हाळ्यात हातात दोन लिटर पाण्याची बाटली असते, वाटेतल्या दोन-तीन रोपांना घालायला. तिच्यासारखे बाटल्या घेऊन येणारे पुष्कळ आहेत. खाणीच्या पाण्यापर्यंत जायचं, पाच मिनिटं बसायचं आणि उतरायचं. त्या वाटेवरून कोणी स्कूटरने गेलं तर त्याची मिनिटं महापालिकेच्या तक्त्यात रुपये होऊन उभी राहतील. मावशीचा दीड तास मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. म्हणजे तिच्या तासाची किंमत शून्य ठरवली आहे, आणि तीही कोणी बोलून न दाखवता.

मी जिथे राहते तिथे हा शून्य पुसलेला मी पाहिला आहे. 7 नोव्हेंबर 2007 च्या सकाळी, दाट धुक्यात, ‘कॉस्को बुसान’ नावाचं कंटेनरवाहू जहाज सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला जोडणाऱ्या बे ब्रिजच्या खांबाच्या आवरणावर घासलं. जहाजाची कूस फाटली आणि सुमारे 53 हजार गॅलन, म्हणजे दोन लाख लिटर जड इंधन तेल खाडीत सांडलं. मी तेव्हा इथे नवी होते. कामावरून परतताना वाटेत लागणाऱ्या किनाऱ्यावर पिवळी फीत बांधलेली होती आणि पांढऱ्या पोशाखातली माणसं खडकांवरचं डांबरासारखं काळं काढत होती. मदतीला आलेल्या लोकांना प्रशिक्षण नाही म्हणून परत पाठवल्याच्या तक्रारी पेपरात रोज येत होत्या. खेकड्यांचा हंगाम पुढे ढकलला गेला. पुढे हिशेब लागला तेव्हा मेलेल्या पक्ष्यांचा अंदाज 6,849 निघाला.

पण मला इथे सांगायचं आहे ते माणसांच्या मोजणीबद्दल. तेलामुळे किती लोक किनाऱ्यावर आले नाहीत, हेही सरकारी यंत्रणांनी मोजलं. पोहायला, मासे धरायला, कुत्रा फिरवायला, नुसतं वाळूत बसायला येणाऱ्यांच्या किती फेऱ्या बुडाल्या? किनाऱ्यांवर माणसं ठेवून मोजणी झाली, लोकांना प्रश्न विचारले गेले, आणि एरवी त्या दिवसांत किती लोक आले असते याच्याशी ताळा घातला गेला. उत्तर आलं: दहा लाखांहून अधिक फेऱ्या. 2011 मध्ये जहाजाच्या मालक आणि चालक कंपन्यांशी 4 कोटी 44 लाख डॉलरची तडजोड झाली. पक्षी, मासे आणि पाणवनस्पती यांच्यासाठी त्यात वेगवेगळ्या रकमा होत्या. लोकांच्या बुडालेल्या फेऱ्यांपोटी 1 कोटी 88 लाख डॉलर होते, आणि निसर्गाच्या भरपाईतला तो सगळ्यात मोठा वाटा होता. भागाकार केला तर एका फेरीला सतराच्या आसपास डॉलर पडतात. हे पैसे कोणाच्या खिशात गेले नाहीत. ते किनाऱ्यांची डागडुजी, पायवाटा, धक्के अशा कामांना वाटले गेले.

कुत्रा फिरवायला आलेल्या माणसाची फेरी आणि बंदरातला माल एकाच ताळेबंदात बसू शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

यामागचा विचार जुना आहे आणि साधा आहे. 1947 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने काही अर्थतज्ज्ञांना विचारलं, की उद्यानांचा लाभ पैशांत कसा मांडावा. तिकीट तर नाममात्र असतं किंवा नसतंच. हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी पत्राने उत्तर दिलं: उद्यानाभोवती वर्तुळं आखा. जवळच्या वर्तुळातून माणसं किती येतात आणि लांबच्यातून किती, ते पाहा. लांबच्याला येण्यासाठी जास्त पैसे आणि जास्त वेळ मोडावा लागतो. तरीही तो येतो, म्हणजे त्या जागेची किंमत त्याच्या लेखी निदान तेवढी आहे. जवळच्याला तीच जागा स्वस्तात मिळते, म्हणजे मधला फरक हा त्याचा निव्वळ लाभ. ही कल्पना लगेच रुजली नाही. 1959 मध्ये मॅरियन क्लॉसन यांनी तिच्यावर प्रत्यक्ष आकडेमोड करून दाखवली आणि तिथून ‘प्रवासखर्च पद्धत’ मार्गी लागली. दुसरी वाट लोकांना थेट विचारण्याची: ही जागा राहावी म्हणून तुम्ही वर्षाला किती द्याल? 1989 मध्ये अलास्कात ‘एक्झॉन वाल्डीझ’ टँकर फुटला तेव्हा ही दुसरी पद्धत देशभर गाजली. जे लोक आयुष्यात अलास्काला जाणार नव्हते त्यांनाही त्या किनाऱ्याची किंमत वाटत होती, आणि ती 2.8 अब्ज डॉलर निघाली. तेल कंपनीचे तज्ज्ञ तुटून पडले: लोक तोंडाने काहीही म्हणतील, खिशात हात घालतील का? तेव्हा केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 1993 मध्ये तिने निर्वाळा दिला, की नीट नियम पाळून केलेली अशी पाहणी भरपाईच्या दाव्यात सुरुवातीचा आधार म्हणून धरायला हरकत नाही.

हे सगळं मी पुण्यातल्या एका जुन्या मैत्रिणीला फोनवर सांगत होते. ती टेकडीच्या आंदोलनात पहिल्या दिवसापासून आहे. तिने मला मध्येच तोडलं. “अगं, टेकडीला एकदा भाव लावलास, की माकडाच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. उद्या म्हणतील, हे घ्या तुमचे पैसे आणि बाजूला व्हा.”

तिची भीती खोटी नाही. आपल्याकडे हे घडलेलं आहे. जंगलांविषयीच्या गोदावर्मन खटल्यात, अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीच्या अहवालानंतर, सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढच्या वर्षांतल्या लाभांची आजची किंमत, ठरवून दिलं: हेक्टरी 4.38 लाखांपासून 10.43 लाख रुपयांपर्यंत. 2022 मध्ये हे दर वाढवले गेले. हेतू चांगला होता. जंगल फुकट नाही हे खाण आणि धरण काढणाऱ्यांना कळावं, एवढाच तो होता. पण व्यवहारात त्या आकड्याची पावती झाली. पैसे भरले, क्षतिपूरक वनीकरणाच्या खात्यात जमा झाले, जंगल गेलं. एखाद्या मोठ्या खाणीच्या भांडवलात हेक्टरी दहा लाख कुठेच दिसत नाहीत. त्यामुळे पर्यावरणाची बाजू घेणाऱ्या माणसाला किंमत हा शब्द ऐकताच अंगावर काटा येतो, आणि तो का येतो ते मला समजतं.

तरीही मी मैत्रिणीशी सहमत नाही. जंगलाच्या बाबतीत चूक झाली ती आकडा केव्हा विचारला यात. निर्णय झाल्यावर, जाताजाता भरायची फी म्हणून तो आला. प्रकल्प करावा की नाही हे ठरतं त्या टेबलावर तो नव्हता. तिथे फक्त कोळशाचा, विजेचा आणि वाचलेल्या मिनिटांचा आकडा होता. टेकडीचा आकडा मला त्या पहिल्या टेबलावर हवा आहे, रस्त्याच्या आकड्याच्या शेजारी. शेवटच्या खिडकीवर तो आला तर मैत्रीण म्हणते तेच होणार.

दुसरा घोळ तिकिटाचा. किंमत काढली की तिकीट लावतील, ही शंका पुण्यात आणि मुंबईतही मला लोकांनी बोलून दाखवली आहे. पण या पद्धतींतून जो आकडा निघतो तो लोकांना मिळणारा आणि कोणी वसूल न केलेला लाभ असतो. तिकीट लावलं की त्यातला काही भाग वसूल होतो आणि बाकीचा, न परवडणाऱ्यांच्या न झालेल्या फेऱ्यांबरोबर, बुडतो. त्यामुळे टेकडी फुकट ठेवण्याच्या बाजूचा अर्थशास्त्रातला पुरावा हाच आकडा देतो. मुंबईत हे पूर्वीच करून झालं आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी मुंबईकर कुटुंबं किती द्यायला तयार आहेत, याची पाहणी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली: महिन्याला घरटी साडेसात रुपये, पाच वर्षं. ऐकायला किरकोळ वाटतं. शहराच्या एकूण कुटुंबांनी गुणलं तेव्हा शंभर कोटींच्या वर वर्तमान मूल्य गेलं, आणि ते त्या काळचे रुपये होते. त्यानंतर त्या उद्यानाच्या कडेने किती रस्ते, बोगदे आणि कारशेड यांचे वाद झाले! त्यांतल्या एकाही वादात हे साडेसात रुपये कोणी टेबलावर ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही.

समुद्राचंही तेच. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे 800 टन तेल सांडलं, म्हणजे माझ्या इथल्या खाडीत सांडलं त्याच्या चौपट. कंटेनर पाण्यात तरंगत राहिले, मुंबईत लोकांनी मासळी घेणं टाकलं, कोळीवाड्यांचे व्यवहार बसले. वर्षभरात, 4 ऑगस्ट 2011 ला, साठ हजार टन कोळसा घेऊन निघालेलं ‘एमव्ही राक’ मुंबईजवळ बुडालं आणि त्याचं तेल जुहूपर्यंत आलं. या दुसऱ्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये 100 कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठोठावली. निकाल धाडसी होता आणि मला त्याचा आदर आहे. पण शंभर कोटीच का, ऐंशी किंवा तीनशे का नाहीत, हे सांगायला किनाऱ्यावर न गेलेल्या माणसांची, न विकलेल्या टोपल्यांची मोजदाद हाताशी नव्हती. अशी मोजदाद नसली की रक्कम न्यायमूर्तींच्या अंदाजावर उभी राहते, आणि अंदाजाला वरच्या कोर्टात आव्हान देणं सोपं असतं.

कारखान्यांच्या बाबतीत आपण सूत्र केलं आहे, हे मान्य करायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, उद्योगाचा आकार, जवळच्या वस्तीचा गुणक आणि एक ठरीव दर यांचा गुणाकार करतात. सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या लाल गटाला निर्देशांक 80, नारिंगीला 50, हिरव्याला 30. दर साधारण 250 रुपये. हिशेब करून पाहा: लाल गटातला मोठा कारखाना, दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावाजवळ, एक दिवस नियम मोडून सांडपाणी सोडतो. 80 गुणिले 250 गुणिले दीड. तीस हजार रुपये. पंचगंगेत मासे मरून काठाला लागलेले फोटो दर उन्हाळ्यात मला कोल्हापूरहून येतात. त्या दिवशी घाटावर पोहायला न उतरलेली पोरं, जाळं न टाकलेले लोक, म्हशी धुवायला न आलेले गवळी यांतलं कोणीही या गुणाकारात नाही. नदीचं काय झालं हे सूत्र विचारतच नाही, ते फक्त कारखान्याची जात आणि आकार विचारतं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नुकसान भरून काढण्यासाठीची रक्कम मंडळं स्वतः आकारू शकतात. अधिकार मिळाला, आता मोजमापाची शिस्त यायला हवी.

प्रदूषणाला भाव लावणं भारतात जमणार नाही, तिथे सगळं सेटिंग असतं, असं इथल्या मराठी घरांत जेवताना सर्रास ऐकू येतं. त्यांना मी सुरतचं उदाहरण देते. 2019 पासून सुरतेत धुरातल्या कणांच्या परवान्यांचा बाजार चालला. तीनशेच्या वर कारखाने, बहुतेक कापडाचे. धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं, सगळ्यांनी मिळून किती धूर सोडायचा त्याची एकच मर्यादा, आणि ज्याला कमी सोडणं स्वस्त पडतं त्याने आपला उरलेला परवाना दुसऱ्याला विकायचा. काही कारखाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून बाजारात आणले आणि बाकीचे जुन्याच नियमांखाली ठेवले, म्हणजे तुलना चोख झाली. बाजारातल्या कारखान्यांचं प्रदूषण वीस ते तीस टक्क्यांनी कमी निघालं. 2011 मध्ये केंद्राने अशा प्रयोगासाठी तीन राज्यं निवडली होती: गुजरात, तमिळनाडू आणि महाराष्ट्र. गुजरातने करून दाखवला. महाराष्ट्राने 2017 मध्ये कारखान्यांना धुरावरून तारे देण्याची योजना काढली, ती चांगली होती, पण ताऱ्यांमागे पैसा नव्हता.

आणि तरी, बाजार लावला की झालं, असं मी म्हणणार नाही. मी राहते तिथून उत्तरेला रिचमंड नावाचं गाव आहे, तिथे शेव्हरॉनची मोठी रिफायनरी आहे. 6 ऑगस्ट 2012 ला तिथे आग लागली आणि पुढच्या दिवसांत सुमारे पंधरा हजार माणसं श्वासाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यांत गेली. पुढच्या वर्षापासून कॅलिफोर्नियाचा कार्बन परवान्यांचा बाजार सुरू झाला. राज्याचा एकूण आकडा उतरला की नाही यावर अर्थतज्ज्ञ वाद घालतात. रिचमंडच्या लोकांचा वाद वेगळा आहे. परवाना विकत घेऊन रिफायनरी इथेच धूर सोडत राहिली, तर राज्याचा हिशेब जुळतो, पण आमच्या पोरांच्या इनहेलरचं काय? मोर्चे आणि सुनावण्यांनंतर 2024 मध्ये गावाने रिफायनरीवर पिंपामागे एक डॉलर कर लावण्याचा प्रस्ताव मतदानाला ठेवायचं ठरवलं. मतदान व्हायच्या आत कंपनीने दहा वर्षांत 55 कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. मला यातून हे दिसलं, की प्रदूषणाचा भाव जिथे धूर पडतो तिथल्या लोकांच्या हातात असला की त्याला धार येते. मुंबईत रिफायनऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या चेंबूर-माहूलच्या लोकांनी हा रिचमंडचा किस्सा जरूर वाचावा.

भाव लावण्याच्या पद्धतींत खरा काटा आहे तो गरिबाच्या वेळेचा, आणि तो लपवून चालणार नाही. प्रवासखर्च पद्धतीत वेळेची किंमत बहुतेकदा मजुरीच्या काही हिश्शाने धरतात, एक तृतीयांश हा जुना प्रघात. मग ज्याची मजुरी कमी त्याच्या रविवारची किंमत कमी. इथल्या धक्क्यांवर गळ टाकून बसलेले बरेच लोक घरच्या जेवणासाठी मासे धरतात. एका शनिवारी अशाच एका धक्क्यावर पाहणीवाली मुलगी हातात पाटी घेऊन माझ्याकडे आली. कुठून आलात, गाडीत किती जण, किती वेळ थांबणार, महिन्यातून किती वेळा येता? माझी उत्तरं तिने भराभर लिहून घेतली. शेजारच्या व्हिएतनामी आजोबांजवळ ती गेली तेव्हा त्यांना प्रश्न कळेनात. ते हसून हाताने नाही म्हणाले आणि ती पुढे सरकली. त्या दिवशीच्या आकड्यात मी आहे आणि ते नाहीत. आपल्याकडे हे दसपट होईल. टेकडीवर महागडे बूट घालून येणारे मोजले जातील, आणि दुपारी सरपण गोळा करायला किंवा शेळ्या घेऊन येणारी बाई सुटेल.

यावर उपाय आहे, आणि तोही रस्त्यांच्याच हिशेबातून आलेला. ब्रिटनमध्ये सरकारी रस्ते-रेल्वेचे लाभ मोजताना फावल्या वेळेला सगळ्यांसाठी सरासरी दर लावतात. श्रीमंतांच्या भागातला रस्ता नेहमीच फायदेशीर दिसू नये, हा त्यामागचा हेतू. भारतात तर हे सक्तीचं असावं: एका शहरात चालणाऱ्याच्या तासाचा दर एकच, आणि तो मोटारीत बसलेल्याच्या तासाच्या दराइतकाच.

वेताळ टेकडीला लावायला सगळ्यात कामाची पद्धत मला वाटते ती हेल्स कॅन्यनची. आयडाहो आणि ओरेगॉनच्या सीमेवर स्नेक नदीच्या त्या दरीत मोठं जलविद्युत धरण बांधायचं घाटत होतं. 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, की धरण मुळीच न बांधण्याचा पर्याय तुम्ही तपासला का. अर्थतज्ज्ञ जॉन क्रुटिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग प्रश्न उलटा मांडला. दरीची खरी किंमत किती, या वादात पडायचं नाही. पहिल्या वर्षी दरीतल्या सहलींचा लाभ किमान किती असला तर धरण तोट्यात जाईल, एवढंच काढायचं, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त लोक येतात का ते पाहायचं. त्यांनी आणखी एक बारकावा धरला. धरणाचा लाभ काळाबरोबर झिजतो, कारण वीज करण्याचे दुसरे मार्ग स्वस्त होत जातात. अस्सल मोकळ्या जागेचा लाभ वाढत जातो, कारण माणसं वाढतात आणि तशा जागा घटतात. धरण झालं नाही. 1975 मध्ये संसदेने त्या दरीला कायद्याचं संरक्षण दिलं.

आता टेकडीकडे या. समजा, नव्या रस्त्याने रोज वीस हजार गाड्यांची प्रत्येकी चार मिनिटं वाचतात आणि गाडीत सरासरी दीड माणूस आहे. म्हणजे रोज दोन हजार तास. तासाला साठ रुपये धरले तर सव्वा लाखाच्या आत. हे आकडे मी केवळ पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत. महापालिकेने आपले आकडे घालावेत. आता उलटा प्रश्न: टेकडीवरची एक फेरी निव्वळ साठ रुपयांच्या लाभाची धरली, तर रोज किती फेऱ्या बुडाल्या की हा रस्ता तोट्यात? दोन हजार. पाषाण, गोखलेनगर, लॉ कॉलेज, पौड रस्ता, एआरएआय अशा सगळ्या वाटांनी मिळून रोज किती माणसं चढतात, हे कोणी सलग वर्षभर मोजलं आहे का? रस्ता झाल्यावर त्यांतली किती येणं सोडतील, किती दुसऱ्या टेकडीवर जातील, हेही विचारावं लागेल. ते प्रामाणिकपणे वजा करायला माझी ना नाही. पण क्रुटिलांचा बारकावाही मग घ्या. वाचलेली चार मिनिटं कायम राहत नाहीत. मोकळा रस्ता पाहून गाड्या वाढतात आणि काही वर्षांत कोंडी परत येते, हे कर्वे रस्त्यावर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. वनाझपासूनची मेट्रो 2022 मध्ये सुरू झाली, तिची सवय जसजशी लागेल तसतसा रस्त्याचा लाभ आणखी झिजेल. टेकडीचा लाभ मात्र दर वर्षी वाढेल, कारण पायथ्याची प्रत्येक नवी इमारत तिच्याकडे आणखी माणसं पाठवते. समाविष्ट 23 गावांतल्या 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, आणि जमीनमालकांना मोबदला किती द्यायचा यावर ते वर्षानुवर्षं अडलं आहे. तिथेही नेमका हाच आकडा हवा आहे: टेकडी मोकळी राहिल्याने शहराला वर्षाला काय मिळतं, म्हणजे मालकाला काय देणं परवडतं.

या मोजणीत भूजल नाही, मोर नाहीत, उन्हाळ्याच्या रात्री टेकडीवरून उतरणारा गारवा नाही. त्यांचे हिशेब वेगळे करावे लागतील आणि काहींचे होणारही नाहीत. म्हणून फेऱ्यांचा आकडा हा टेकडीच्या किमतीचा तळ आहे, आणि तो तसाच लिहावा: निदान इतके.

महापालिका चौकाचौकांत गाड्यांची मोजणी करवून घेते. तशीच टेकडीच्या प्रत्येक वाटेवर, चारही ऋतूंत, कामाच्या दिवशी आणि रविवारी, पहाटे आणि संध्याकाळी माणसं मोजावीत. पाहणीचा कागद मराठीत असावा आणि तो वाचून दाखवणारं माणूस सोबत असावं. विचारायचं थोडंच आहे: कुठून आलात, कशाने आलात, किती वेळ लागला, ही वाट बंद झाली तर काय कराल. पुण्यात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या इतक्या संस्था आहेत, आणि त्यांतली एक तर टेकडीच्या पायथ्याशीच आहे. एका वर्षाच्या विद्यार्थ्यांचं हे काम आहे. महापालिकेने करवून घेतलं तर उत्तम. नाही घेतलं तर टेकडीच्या समितीने करावं आणि पुढच्या सुनावणीत प्रकल्प अहवालाच्या वाहतूक-लाभाच्या पानासमोर ते पान जोडून दाखल करावं. मैत्रिणीला मी नमुन्याचा कागद करून पाठवला आहे. तिने अजून होकार दिलेला नाही.